टाकी घेण्याआधी काटा बघा

प्रश्न : आमच्या व्हॉल्व्ह तपासणीच्या बेंचला दीड मिनिट हवा लागते, मिनिटाला ३,००० लिटर (मोकळ्या हवेत मोजून). मग दहा मिनिटं काम बंद. कॉम्प्रेसर मिनिटाला १,००० लिटरचा. मोटर ३५ बारला (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) चालू, ४० ला बंद. टाकी ५०० लिटरची. प्रेशर ३२च्या खाली गेलं की चाचणी बाद. कधी चाचणी पार पडते, कधी मिनिटभरही टिकत नाही. १,००० लिटरची टाकी घेऊ का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातल्या ‘कधी’वर मी अडलो. टाकी नुसतीच लहान असती, तर रोज प्रत्येक चाचणी बाद झाली असती.

टाकी एक बार उतरली की आपल्या मापाएवढी मोकळी हवा देते. तुमची ५०० लिटर. प्रेशरचा काटा ४० वर असताना सुरुवात केलीत तर ३२ पर्यंत आठ बार हाताशी, आणि चाचणी कशीबशी निभते. पण काटा ३५ला टेकलेला असेल तर तीनच बार, म्हणजे १,५०० लिटर. मोटर चालू असूनही मिनिटाला २,०००ची तूट. पाऊण मिनिटात खेळ आटोपला! म्हणून टाकीचं माप नेहमी मोटर चालू होते त्या आकड्यापासून धरायचं, ४० पासून नाही.

१,००० लिटरची टाकी घ्या, पण मोटर चालू करणारा स्विच ३५ वरच ठेवलात तर तीन बारांत बरोबर ३,००० लिटर मिळतील, आणि दीड मिनिटाची तूट भरायला तेवढेच लागतात. ते पुरणार नाहीत. हवा झपाट्याने निघताना टाकीतली हवा गार होते आणि काटा हिशेबापेक्षा जास्त उतरतो. स्विच ३७ला न्या, मग पाच बार मिळतील. जुन्याच टाकीवर स्विच ३९ला नेऊन आकडा जमेल, पण थोडी हवा गळाली तरी मोटर पुन्हा पुन्हा चालू होईल आणि अर्ध्या मिनिटात बंद पडेल. ते मी कधीच सुचवणार नाही.

नवी टाकी ४० बारच्या कामासाठीच बनवलेली, चाचणीचा दाखला असलेली हवी. दहा बारच्या जुन्या टाकीला जाड पत्रा जोडून वापरायचा विचारसुद्धा नको, जीव जाईल.

आणि आजच एक करा. अशाच तक्रारीवर एकदा मी टाकी वरून खाली ठोकत गेलो होतो. खालच्या एक तृतीयांश भागात आवाज बद्द झाला. ड्रेन (तळाचं पाणी काढायची तोटी) तुंबलेला, आत पाणी. तेवढी टाकी हवेला उरलीच नव्हती. तुमचाही ड्रेन बघा, मात्र प्रेशर उतरवून आणि बाजूला उभं राहून, हळूहळू उघडा.