गुप्तांवरचा दीर्घोत्तरी प्रश्न : कारकिर्दी नकोत, पुरावे हवेत

राजे आणि सनावळ्या तोंडपाठ असूनही दीर्घोत्तरी प्रश्नांत गुण कापले जातात, असं लिहिलं आहेस. तुझं नमुना उत्तर वाचलं. प्रश्न होता, गुप्तकाळाला सुवर्णयुग म्हणणं कितपत योग्य? तू श्रीगुप्तापासून स्कंदगुप्तापर्यंत कारकिर्दी लिहिल्यास आणि 'कितपत' तसंच राहिलं. इंदूरच्या भंवरकुआँ या क्लासेसच्या भागात मिळणाऱ्या झेरॉक्स नोट्स सगळ्यांकडे त्याच असतात, त्यामुळे परीक्षकापुढे हेच उत्तर गठ्ठ्यांनी येतं.

चार-पाच पुरावे पक्के कर, आणि प्रत्येकातून काय सिद्ध होतं तेही. मंदसोरचा शिलालेख घे, आपल्या माळव्यातलाच. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकरांची श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, दशपुराला (आजच्या मंदसोरला) आली. तिने इ. स. ४३६ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधलं आणि ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला. वरवर पाहता ही भरभराट. पण काही विणकर धनुर्विद्या, ज्योतिष अशा दुसऱ्या वाटांना लागले, हेही तोच लेख सांगतो. काही इतिहासकार यात रेशीमव्यापार उतरणीला लागल्याची खूण पाहतात. एकाच शिळेवरून दोन्ही बाजू मांडता येतात. उत्तराचा मधला भाग यावरच उभा कर.

प्रयाग प्रशस्तीबद्दल, म्हणजे समुद्रगुप्ताच्या स्तुतीच्या कोरीव लेखाबद्दल, 'समुद्रगुप्ताने सगळे राजे जिंकले' असं मोघम लिहू नकोस. आर्यावर्तातले (उत्तर भारतातले) राजे उखडले, दक्षिणापथातले (दक्षिणेतले) बारा पकडून सोडून दिले, सीमेवरच्यांकडून कर घेतला. साम्राज्य कसं चालायचं ते या फरकात दिसतं. शिवाय लिहिणारा हरिषेण त्याच्याच पदरी होता, हे एका वाक्यात यायलाच हवं.

बाकीचं थोडक्यात: स्कंदगुप्ताच्या नंतरच्या सुवर्णनाण्यांचं वजन वाढलं पण कस उतरला; चिनी प्रवासी फाहियानच्या वर्णनात चांडाळांना गावाबाहेर राहावं लागे; एरणच्या ५१० च्या लेखात गोपराजाची पत्नी सती गेल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या, सुवर्णयुगाच्या बाजूच्या पारड्यात गणितज्ञ आर्यभट, अजिंठा, उदयगिरीच्या लेण्यातलं वराहाचं शिल्प.

आणखी एक. स्कंदगुप्ताचा ४६५ चा इंदोर ताम्रपट आपल्या इंदूरचा नव्हे, तो उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला. तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून सूर्यमंदिरात दिवा लावण्याची सोय केल्याची ती नोंद आहे. श्रेणी पेढीसारखं काम करत, याला इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

माझं मत विचारशील तर कला, साहित्य, गणित यांपुरतं सुवर्णयुग खरं. शूद्र आणि स्त्रियांसाठी नाही. तुझं मत वेगळं असलं तरी चालेल, पण ते पहिल्या परिच्छेदातच मांड. तोच प्रश्न पुन्हा लिहून इथे टाक, मी वाचतो.