जिममधल्या चॅरिटी पार्टनर वर्कआउटला नवीन माणसानं जावं का? पार्टनर कसा निवडायचा, वजन किती ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की जिम लावून चारच महिने झालेत, पुढच्या महिन्यात तिथे एका अनाथाश्रमाच्या मदतीसाठी जोडीनं करायचा वर्कआउट आहे आणि तुम्हाला भीती वाटतेय की आपल्यामुळे पार्टनरचा स्कोर पडेल आणि तो मनातल्या मनात वैतागेल. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण तो वैतागणारा पार्टनर मी होते.

जा. नाव द्या. हे उत्तर झालं, आता का ते सांगते.

मी कोल्हापूरची. ऑगस्ट २०१९ चा पूर. इथल्या माणसाला काही सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडनं काही येईना, पेट्रोलला रांगा, दुधाला रांगा, आणि शहराला वेढा पाण्याचा असून नळाला थेंब नाही कारण पाणी उपसणारी केंद्रंच बुडालेली. आमची जिम राजारामपुरीत, उंचावर, त्यामुळे कोरडी राहिली. आठ-दहा दिवस कुणी आलं नाही, मग हळूहळू लोक यायला लागले आणि कोच म्हणाला की २५ तारखेच्या रविवारी पूरग्रस्तांसाठी पार्टनर वर्कआउट घेऊ.

त्यानं कल्पना घेतली होती ती अमेरिकेतल्या '३१ हीरोज' वर्कआउटवरनं. ६ ऑगस्ट २०११ ला अफगाणिस्तानात एक चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यात गेलेले ३० अमेरिकन सैनिक आणि त्यांच्यासोबतचा एक कुत्रा यांच्यासाठी तो जोडीनं करतात. ३१ मिनिटं, एकजण पोतं घेऊन ४०० मीटर पळून येतो तोवर दुसरा थ्रस्टर (वजन घेऊन बैठक मारायची आणि उठताना ते डोक्यावर ढकलायचं), रोप क्लाइंब (दोरावर चढणं) आणि बॉक्स जंप (खोक्यावर उडी) करत राहतो, आणि रेप्स, म्हणजे कुठला प्रकार किती वेळा, असतात ८, ६, ११. तिकडे आधी महिना लिहितात म्हणून ती तारीखच झाली. कोच म्हणाला आपले आकडे तर सगळ्या गावाला पाठ आहेत. मग फळ्यावर लिहिलं: ३९ वॉल बॉल (जड चेंडू भिंतीवर उंच मारून झेलायचा), ४३ बर्पी (जमिनीवर पालथं होऊन उठायचं आणि उडी मारायची), ५५ केटलबेल स्विंग (मुठीचं लोखंडी वजन झुलवायचं), आणि मग २५ किलोचं तांदळाचं पोतं दोघांनी मिळून उचलून कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणायचं. ४० मिनिटांत जेवढे राउंड होतील तेवढे. फळ्यावर ते आकडे वाचल्यावर जिममध्ये कुणी बोलेना एवढं मला आठवतंय.

प्रत्येकी ५०० रुपये, शिवाय प्रत्येकानं आपल्या ओळखीची माणसं धरायची जी राउंडमागे अमुक इतके रुपये देतील. ३२ जोड्या झाल्या. आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून.

मी तेव्हा फॉर्मात होते. डेडलिफ्ट ९० किलो, बर्पी थांबायचं नाव नाही, आणि माझ्या मैत्रिणीबरोबर जोडी लागली असती तर आम्ही बायकांत पहिल्या आलो असतो हे मला पक्कं माहीत होतं. चिठ्ठी निघाली ती एका काकूंची. वय पन्नाशीच्या पुढे, शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला, सकाळच्या बॅचला पंजाबी ड्रेसवर यायच्या, माझं त्यांच्याशी कधी 'झालं का काकू' च्या पुढे बोलणं नव्हतं. माझा चेहरा पडला आणि तो त्यांनी बघितला. ते मला आजही सलतं.

मी मनात हिशोब केला. वॉल बॉलचे ३० मी करते, ९ त्या करतील. बर्पी सगळ्या मीच. स्विंगही मीच, त्यांनी फक्त श्वास घ्यावा. आणि तसंच चालू केलं. पहिला राउंड भराभर झाला, मी 'काकू तुम्ही बसा, मी बघते' म्हणत होते आणि मला खरंच वाटत होतं की मी चांगलं वागतेय. दुसऱ्या राउंडला त्यांच्या ९ मधले सहा झाले तसा मी चेंडू घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो पोटाशी धरला. सोडेनात.

"मला लिंबूटिंबू धरलीस व्हय गं? पैसं मीबी भरल्यात."

मोठ्यानं नाही म्हणाल्या. मला एकटीला ऐकू जाईल एवढंच. लहानपणी लिंबूटिंबू होणं काय असतं ते सगळ्यांना माहितीये, तुम्ही खेळात असता आणि नसता, आउट झालात तरी कुणी मोजत नाही आणि धावलात तरी कुणी मोजत नाही. मी चेंडू सोडला. मग त्यांनी वॉल बॉल केले १५, मग बर्पी सुरू केल्या, बॉक्सवर हात टेकून, पाच-पाचच्या हिशोबानं. पाच झाल्या की बाजूला व्हायच्या आणि मी पाच करायचे. मी पाचला थांबायची सवय नसलेली बाई, मला ते थांबणं जड गेलं.

तिसऱ्या राउंडला पोतं घेऊन बाहेर पडलो. मी पुढे, त्या मागे, दोघींनी दोन टोकं धरलेली, आणि कोपऱ्यावरनं वळताना पोत्याच्या तोंडाचा दोरा सुटला. मूठ-दोन मूठ तांदूळ डांबरावर सांडले. मी म्हटलं राहू दे काकू, वेळ चाललाय, मुठीएवढेच आहेत. त्यांनी पोतं खाली ठेवलं, माझ्या हातातलंही खाली ठेवायला लावलं, उकिडव्या बसल्या आणि ओढणीत एकेक करून तांदूळ गोळा करायला लागल्या. मागनं दोन जोड्या आम्हाला ओलांडून गेल्या. मी तशीच उभी, घामाघूम, कमरेवर हात.

खाली बघतच त्या म्हणाल्या, "आठ दिस भिजल्या तांदळाचा वास काढलाय घरात."

तेव्हा कळलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीत घर. पाणी पत्र्याला टेकलेलं. गणपती आठ दिवसांवर आलेले आणि रंगवायला ठेवलेल्या सगळ्या मूर्ती गेल्या. वर्षभराची बेगमी डब्यांत होती ती कुजली, चिखलासकट फावड्यानं ओढून बाहेर काढली. त्या तेव्हा बहिणीकडे राजारामपुरीत राहत होत्या, आणि जिमच्या यादीत पूरग्रस्तांसाठी ५०० रुपये भरणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. घेणाऱ्यांच्या यादीत नाव घालू का म्हणून नंतर कोचनं विचारलं तर नको म्हणाल्या.

मी पण बसले आणि वेचायला लागले. ओल्या रस्त्यावरचे तांदूळ बोटाला चिकटतात, सोडवायला लागतात, वेळ जातो. स्कोर लिहिला तो अजून पाठ आहे: ३ पूर्ण राउंड, आणि चौथ्यातले ३९ वॉल बॉल, १७ बर्पी. शेवटून चौथ्या आलो.

आता दादाबद्दल. माझा सख्खा मोठा भाऊ, पुण्यात असतो, आणि आमचं या विषयावर तेव्हापासून भांडण आहे. तो म्हणाला हा दिखावा आहे, पैसे द्यायचे तर गपचूप द्या, मुख्यमंत्री सहाय्यता निधीत एका मिनिटात जातात, उड्या मारून कुणाचं घर उभं राहिलंय. ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्यानं स्वतः काय केलं, तर सोसायटीतनं जुने कपडे गोळा करून हायवे सुरू झाल्या झाल्या टेम्पो पाठवला. पुढच्या आठवड्यात आम्ही पंधराजण शिरोळ तालुक्यातल्या एका गावात गेलो तेव्हा शाळेच्या पटांगणात असल्याच कपड्यांचा ढीग होता. पार्टीच्या साड्या, एका पायाची चप्पल, लहान मुलांचे लोकरी टोपडे, सगळं पावसात भिजून लगदा झालेलं आणि त्यावर शेळ्या उभ्या. दादाचे कपडे त्यात होते असं मी म्हणत नाही. पण त्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना आम्ही आधी फोन करून विचारलं होतं काय आणू, तर त्यांचं पहिलं वाक्य होतं कपडे आणू नका. चटया आणा, फिनेल आणा, खराटे-फावडी-घमेली आणा, ब्लीचिंग पावडर आणा, बायकांसाठी पॅड आणा, मुलांना वह्या आणा. आम्ही वर्कआउटच्या पैशांतनं तेच नेलं.

आणि ते पंधराजण कुठनं आले? वर्कआउटमधनं. मी हे दादाला दहा वेळा सांगितलंय. आधी आम्ही एकमेकांना नावानं पण ओळखत नव्हतो, हेडफोन घालून यायचं आणि जायचं. ज्यांनी ४० मिनिटं एकमेकांचा श्वास मोजला त्यांना मंगळवारी फोन केला की रविवारी चिखल काढायला चला, तर पंधराजण आले. शाळेच्या वर्गात पुराचा गाळ वीतभर, वरनं सुकलेला आणि खाली लोण्यासारखा, फावडं घातलं की चिकटून बसायचं. मुलांची हजेरी वही सापडली, पानं सगळी एकमेकांना चिकटलेली, विटेसारखी. काकू पण आल्या होत्या. घरचा गाळ काढून आठ दिवस झाले नव्हते आणि दुसऱ्याच्या गावात खराटा मारत होत्या. आमच्यात फावडं नीट कसं धरायचं हे माहीत असलेल्या त्या एकट्या होत्या.

दादाचं एक मात्र बरोबर आहे आणि ते तुम्हीही बघा: पैसे कुठे जाणार ते आधी विचारा. लाजू नका. संस्था नोंदणीकृत आहे का, पावती मिळणार का, जिमवाला पैसे स्वतःच्या खात्यात घेणार की थेट संस्थेच्या. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर पावती संस्थेची लागते, २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, आणि वस्तू दिल्या तर मुळीच नाही. आमच्याकडे सगळा हिशोब फळ्यावर लिहिला होता, खराट्याच्या किमतीसकट. तुमच्याकडे कुणी हिशोब द्यायला कुरकुरत असेल तर मग मात्र जाऊ नका, सरळ आश्रमात जाऊन द्या. आणि मुलांच्या हातात खाऊ देतानाचे फोटो काढणार असतील तर त्यालाही विरोध करा. अनाथाश्रमातली मुलं बॅनरसाठी नसतात.

पार्टनर कसा निवडायचा हे तुम्ही विचारलंय. माझं मत, निवडू नका. चिठ्ठ्या टाकायला सांगा. निवडायला दिलं की तगडे तगड्यांकडे जातात आणि नवीन माणसं भिंतीला उभी राहतात, शाळेत कबड्डीला व्हायचं तसं. चॅरिटीच्या दिवशी तरी हे नको. वजनाचं तुमच्या कोचला विचारा, तुम्हाला न बघता मी आकडा सांगणं चुकीचं आहे, पण एवढं सांगते की रोजच्या वर्कआउटला जे वापरता त्यापेक्षा हलकं घ्या, जड नाही. लोक चॅरिटी म्हटलं की चेव येऊन उलटं करतात. काकूंचा वॉल बॉल ४ किलोचा होता, माझा ६ चा, आणि गावाला खराटे दोघींच्या पैशांतनं गेले.

आधी लिहायला हवं होतं ते आता लिहिते. चार महिनेच झालेत म्हणता, तर अंगात नसताना शेकड्यानं रेप्स करणं खरंच धोक्याचं आहे. अति ताणानं स्नायू तुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीवर जातं, त्याला ऱ्हॅब्डो म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात सरळ होईना, प्रमाणाबाहेर सूज आली, लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बीपी, शुगर, गुडघा काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. काकूंनी विचारलं होतं, मला ते नंतर कळलं.

आणि पार्टनरशी बोलायचं ते सुरू व्हायच्या आधी, घड्याळ चालू झाल्यावर नाही. सरळ सांगा की मी नवीन आहे, मी एका दमात इतक्या करेन. तो दयाळूपणानं म्हणेल की तू बस, मी करतो, तेव्हा नाही म्हणा. तो आकडा तुमचा असू दे, दोन असला तरी चालेल. माझ्यासारखी पार्टनर निघाली तर चेंडू पोटाशी धरून ठेवा.

दादा, तू हे वाचशीलच. पुढच्या वेळी तू इकडे आलास की चिठ्ठीत तुझं नाव मी टाकणार आहे, आणि काकू अजून सकाळच्या बॅचलाच असतात.