‘क्युसेक वेगाने’ पाणी कसं वाहील?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे: “पेपरात ‘धरणातून ३०० क्युसेक वेगाने पाणी सोडले’ असं नेहमी वाचते. मुलगा नववीत आहे, तो म्हणतो वेग क्युसेकमध्ये नसतोच. कोण बरोबर? आणि नळाच्या पाण्याला वेग म्हणायचं, गती, चाल, की आपलं फोर्स?”

ताई, मुलगा बरोबर आहे.

क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट पाणी, सुमारे २८.३ लिटर. किती पाणी गेलं हे त्यातून कळतं, किती वेगानं गेलं हे कळत नाही. ३०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण साडेआठ घनमीटर. तेच पाणी तीन मीटर रुंद, मीटरभर खोल नाल्यातून जाऊ द्या, सेकंदाला २.८ मीटर धावेल आणि माणसाला पाय रोवता येणार नाहीत. तीस मीटर रुंद, तेवढ्याच खोल पात्रात सोडा, ०.२८ मीटरनं रमतगमत जाईल. क्युसेक दोन्हीकडे तेच! म्हणून ‘३०० क्युसेक विसर्ग’ लिहावं, किंवा ‘३०० क्युसेक दराने’. ‘दर’ हा साधा, बाजारातला शब्द इथे चपखल बसतो. ‘प्रति सेकंद ३०० क्युसेक’ हे तर डबल झालं, ‘सेक’मध्ये सेकंद आलाच आहे.

विसर्गाला हसू नका. अक्षरापुढचे दोन टिंब आणि धरणाचं पाणी, दोन्हींच्या मुळाशी ‘सोडणे’च आहे.

आता चाल आणि वेग. नववीच्या पुस्तकात दोन्ही वेगळे आहेत: किती अंतर किती वेळात ही चाल, आणि त्याला दिशा जोडली की वेग. गती म्हणजे हलणं, स्थितीच्या उलट. परीक्षेत हा भेद पाळावाच लागतो. बोलताना मात्र ‘पाण्याची चाल’ कोणी म्हणत नाही. चाल गाण्याला असते, घोड्याला असते, नाहीतर कोणी तरी आपल्यावर खेळतं. ‘गती’ म्हटलं की गणितात गती असलेला भाचा आठवतो. पाइपातलं पाणी तसंही एकाच दिशेनं जातं, तेव्हा बिनदिक्कत ‘वेग’ म्हणा. नदीच्या बाबतीत जुनी माणसं ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात. मला तो शब्द सगळ्यांत आवडतो, कारण तो पाण्यात उतरलेल्या माणसाच्या बाजूनं बोलतो.

राहिला फोर्स. पुस्तकात फोर्स म्हणजे बल, पण ‘आज नळाले बल नाही’ असं कोणी म्हणालं तर शेजारी डॉक्टरकडे पाठवतील. आपण फोर्स म्हणतो तेव्हा मनात कधी दाब असतो, कधी धारेचा वेग आणि कधी नुसतं ‘पाणी बारीक येऊन राहिलं’ हे सांगायचं असतं. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून बघायची उत्तम जागा म्हणजे एप्रिलमध्ये कूलर भरणारं अंगण.

समजा पाइप आतून १५ मिलिमीटरचा आहे आणि १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते. म्हणजे सेकंदाला २५० घनसेंटिमीटर. पाइपाचं तोंड १.७७ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की वेग आला: सेकंदाला सुमारे १४१ सेंटिमीटर, म्हणजे आपण चालतो तेवढाच. आता तोंडावर अंगठा दाबून फट ५ मिलिमीटरच्या भोकाएवढी केली. क्षेत्रफळ नवव्या भागावर आलं, म्हणून वेग नऊपट, १२.७ मीटर? गाइडमधली गणितं इथेच थांबतात. पण टाकी पाइपाच्या तोंडापेक्षा सहा मीटर उंचावर असेल तर एवढा वेग येणारच नाही. उंचीला १९.६ नं (गुरुत्वाच्या ९.८ ची दुप्पट) गुणून वर्गमूळ काढा, १०.८ मीटर येतात. घर्षण शून्य धरलं तरी तीच कमाल मर्यादा. हा नियम इटलीच्या टोरिचेली या शास्त्रज्ञानं १६४४ मध्ये छापला.

आणि घर्षण शून्य नसतंच. पाइप मोकळा होता तेव्हा त्या सहा मीटरमधली जवळजवळ सगळी उंची, म्हणजे तिच्यामुळे आलेला दाब, पाइपाच्या भिंतींनी खाल्ली होती. अंगठा लावल्यावर आतलं पाणी मंदावतं, भिंती कमी खातात, उरलेला दाब अंगठ्यापाशी येतो आणि धार साधारण आठ मीटरच्या वेगानं सुटते. वेग सहापट, पण पाणी दोन तृतीयांश. बादलीला दीड मिनिट. म्हणजे ‘फोर्स वाढला’ म्हणणारा पोरगा खरा, आणि ‘अंगठा काढ, कूलर भरायला उशीर होऊन राहिला’ म्हणणारी आईही खरी. तो वेगाबद्दल बोलतो, ती विसर्गाबद्दल.

लोक हे शब्दांत पूर्वीपासून पाळत आले आहेत. ‘करंगळीएवढी धार’ म्हटलं की जाडी सांगितली, ‘जोरात’ म्हटलं की वेग. दोन्ही सांगितलं तर बादलीचा अंदाज येतो.

नोझलला मराठी शब्द विचाराल, तर ‘तोटी’ सुचवणारे भेटतील. पण आपल्याकडे तोटी म्हणजे अख्खा नळच. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा शेतकरी नोझलच म्हणतो, तेच राहू द्या.