ईटीपीचा जुना फिल्टर प्रेस बदलताय? आधी हे करा

ईटीपीतला (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटमधला) फिल्टर प्रेस, म्हणजे गाळ दाबून त्यातलं पाणी काढणारं यंत्र, बदलायचं पहिलंच मोठं काम मिळालंय, अभिनंदन! नवा प्रेस कुठला, ते नंतर. आधी पंधरा दिवस गाळ रोज मोजा: किती निघतो, किती घट्ट, केक (दाबून उरलेला घट्ट गाळ) प्रेसच्या कापडाला चिकटतो का. मी एकदा कॅटलॉग बघून साइज ठरवली, तर केक सुटेचना. दोन माणसं प्रत्येक प्लेट खरवडत बसायची.

- नवा महिनाभर नीट चालेपर्यंत जुना काढू नका.
- जोडणीच्या काळात गाळ कुठे साठवणार? घातक कचरा असेल तर 2016 च्या नियमांप्रमाणे मर्यादा 90 दिवसांची.
- गॅस तपासल्याशिवाय, पंप कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला कुलूप-टॅग लावल्याशिवाय गाळाच्या टाकीत कुणालाही उतरू देऊ नका. काम पाच मिनिटांचं असलं तरी नाही.

पॉलिमरचा (गाळाचे कण एकत्र आणणाऱ्या रसायनाचा) डोस, ऑटोमेशन पुढे बघू. शिफ्टच्या ऑपरेटरला मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.