अनिश्चिततेतलं ऑप्टिमायझेशन: मुंबईत यात नोकरी आहे का?

तुम्ही विचारलंय, एम.एस्सी. गणित संपत आलंय, स्टोकॅस्टिक प्रोग्रामिंग (पुढचं नक्की माहीत नसताना सर्वात चांगला निर्णय काढायचं गणित) आवडतं, पण घरचे म्हणतात डेटा सायन्सचा कोर्स कर. मग यात नोकरी मिळेल का? मिळेल, पण त्या नावाने जाहिरात निघत नाही. सप्लाय चेन, रिस्क, डिसिजन सायन्स, शेड्युलिंग अशा पाट्यांखाली हेच काम चालतं. मी वीजखरेदीच्या नियोजनात आहे आणि माझ्या पदाच्या नावात गणिताचा मागमूस नाही.

घरच्यांना पाणीकपातीचं उदाहरण द्या. मुंबईला पाणी देणारे सातही तलाव भरले की सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर पाणी, म्हणजे जेमतेम वर्षभराची सोय. मे महिन्यात तळ दिसायला लागतो. पाऊस कधी येईल याचा अंदाज बांधणं हे डेटा सायन्सवाल्याचं काम. १० टक्के कपात आत्ताच लावायची की थांबून पुढे मोठी लावायची, हे आपलं. आजचा निर्णय पाऊस कळण्याआधी, जुलैतला कळल्यावर. १९५५ मध्ये डॅन्ट्झिग आणि बील या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या कल्पनेचा गाभा हाच. सरासरी पाऊस धरून हिशेब केला तर कागदावर सगळं आलबेल. लांबलेला पाऊस किती महागात पडतो ते त्या सरासरीत दिसतच नाही. धरणातलं पाणी विजेसाठी आज वापरायचं की राखून ठेवायचं, यासाठी ब्राझीलच्या परेरा आणि पिंटो यांनी १९९१ मध्ये मांडलेली एसडीडीपी (स्टोकॅस्टिक ड्युअल डायनॅमिक प्रोग्रामिंग) पद्धत मुद्दाम वाचा.

आमच्याकडे दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. उद्याचं शेड्यूल आज द्यायचं. ढग आले, सौरवीज घसरली, की फरकाचे पैसे भरा. माझा निम्मा वेळ समीकरणांत नाही, माणसांकडून आकडे काढण्यात जातो. 'वीज कमी पडली तर तोटा किती?' विचारलं की ठरलेलं उत्तर: "असं नाही सांगता येणार हो, मॅडम." मग मीच म्हणते, कमी पडलेल्या युनिटमागे ४ रुपये, उरलेल्यामागे १, चालेल? "छे, ४ कुठले, ६ तरी धरा!" मिळाला आकडा. ४ आणि १ असते तर मागणीच्या ८०व्या पर्सेंटाइलपर्यंत, म्हणजे १०० पैकी ८० वेळा पुरेल इतकी, तजवीज करायची: ४ भागिले (४ + १). ६ आणि १ ला ती ८६ च्या आसपास जाते. हे सूत्र मुलाखतीत हमखास विचारतात, तोंडपाठ नको, काढून दाखवता यायला हवं.

अभ्यासात प्रोबॅबिलिटी आणि लिनियर प्रोग्रामिंगची ड्युअॅलिटी पक्की करा. वित्त क्षेत्रात जायचं असेल तर रॉकाफेलर आणि उर्यासेव यांचं सीव्हीएआरवरचं (सर्वात वाईट काही टक्के प्रसंगांतला सरासरी तोटा) २००० सालचं काम बघा. असे प्रश्न संगणकावर मांडायला पायथनमध्ये पायोमो किंवा ज्युलिया भाषेत जम्प, दोन्ही फुकट आहेत. डेटा सायन्सचा कोर्स केलात तरी वाया जात नाही. अंदाज चांगला नसेल तर आमचं मॉडेलही लंगडंच. नुसत्या सर्टिफिकेटसाठी मात्र पैसे घालू नका.

पुढे शिकायचं तर पवईतच आयआयटीचा आयईओआर (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च) विभाग आहे, आणि जवळच पूर्वीचं निटी, २०२३ पासूनचं आयआयएम मुंबई. पीएच.डी. प्राध्यापकी किंवा संशोधनासाठी बहुतेक ठिकाणी लागते. कंपनीत त्याशिवायही चालतं, पण सीव्हीवर एखादा पूर्ण सोडवलेला प्रश्न हवा: खरा डेटा, आधीचे आणि नंतरचे निर्णय वेगळे मांडलेले, आणि सरासरीवरच्या उत्तरापेक्षा किती रुपये वाचले त्याचा आकडा. तलावांच्या साठ्याचे आकडे महापालिका रोज जाहीर करते, तिथूनच सुरुवात करा की.