शार्डचं टोक अर्धवट राहिलंय का?

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेले होते. लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर आलं की ती शार्ड नावाची उंच काचेची इमारत दिसते, मान दुखेपर्यंत वर बघत बसले. टोकाला काचा जुळलेल्याच नाहीत, मला वाटलं बिल्डरचे पैसे संपले की काय! जावई म्हणाले पैशांचा घोळ खरंच झालेला आणि डिझाइनलाही लोकांनी भरपूर नावं ठेवलेली. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, जावईबापू बरोबर बोलले, पण टोकाचा पैशांशी काही संबंध नाही, ते मुद्दामच उघडं ठेवलंय. आपल्याकडे पैसे संपले की सळया आभाळाकडे बघत उभ्या राहतात, म्हणून तुम्हाला तसं वाटलं असणार. 2000 साली बर्लिनच्या एका हॉटेलात बिल्डर अर्विन सेलर आणि इटालियन आर्किटेक्ट रेन्झो पियानो जेवायला बसलेले, पियानोंनी तिथेच मेन्यूकार्डाच्या पाठीवर स्केच काढलं, डोक्यात जुन्या जहाजांच्या डोलकाठ्या आणि चर्चचे कळस, इमारत वर जाता जाता हवेत विरून जावी म्हणून काचा जुळवल्याच नाहीत.

नावं ठेवणाऱ्यांत इंग्लिश हेरिटेज पुढे, ही जुन्या वास्तू जपणारी संस्था. ते म्हणाले, हा तर ऐतिहासिक लंडनच्या काळजात घुसणारा काचेचा तुकडा. शार्ड म्हणजे टोकदार तुकडाच की, सेलरनी ती टीकाच इमारतीचं नाव म्हणून लावून टाकली! कार्नबी स्ट्रीटवर कपडे विकून वर आलेला माणूस, त्याला काय शिकवणार. 2003 मध्ये आराखड्याची सरकारी चौकशी झाली, नोव्हेंबरात परवानगी मिळाली. तरी पार्लमेंट हिल या टेकडीवरून सेंट पॉल्स या जुन्या चर्चचा घुमट बघायला जावं तर मागून हीच डोकावते, त्यामुळे हेरिटेजवाल्यांची तक्रार मला अगदीच किरकिर वाटत नाही.

पैशांचं म्हणाल तर 2007 ला मंदीची चाहूल लागली, बँकांनी हात आखडला, आणि जागेवर आधीची 24 मजली इमारत, साउथवार्क टॉवर्स, पाडायची होती. जानेवारी 2008 मध्ये कतारच्या गुंतवणूकदारांनी 80 टक्के हिस्सा घेतला म्हणून गाडी चालली. 2009 ला बांधकाम सुरू, जुलै 2012 ला उद्घाटन, त्यातला लेझर शो फुसका निघाला म्हणून परत बोलणी खावी लागली! ऑफिसं भरायला 2017 उजाडलं आणि वरचे दहा आलिशान फ्लॅट तर वर्षानुवर्षं विकलेच गेले नाहीत. मला विचाराल तर लोकांना आकारापेक्षा हेच जास्त खुपलं, शहरात घरं परवडत नाहीत आणि 310 मीटरच्या इमारतीत वर रिकामे फ्लॅट.

पुढच्या खेपेला 72व्या मजल्यावर जाऊन या, तिकीट महाग आहे पण लेकीला काढू दे. त्याच न जुळलेल्या काचांमधून तिथे वारा थेट अंगावर येतो, शाल तेवढी न्या.