योग शिकवायला निघालेल्या तुला

सप्रेम आशीर्वाद.

योगशिक्षक व्हायचं तू ठरवलंस याचा मनापासून आनंद आहे. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. रोजचा सराव तुझा चालू आहेच, म्हणून मी म्हणेन, आता दुसऱ्याचं शरीर बघायला शीक. आपल्याला आसन जमणं वेगळं आणि समोरच्याचं आसन कुठे अडलंय ते ओळखणं वेगळं. ज्यांचं अंग मुळातच लवचीक असतं त्यांना हे शिकायला जास्त कष्ट पडतात, कारण आखडलेल्या पाठीच्या माणसाला वाकताना काय होतं ते त्यांच्या अनुभवातच नसतं.

प्रेरणा घ्यायची तर याच नजरेने घे. बी. के. एस. अय्यंगार यांचं बालपण मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांत गेलं. १९३७ साली, वयाच्या अवघ्या १८व्या वर्षी, ते पुण्यात शिकवायला आले. पट्टा, दोर, विटा, खुर्ची यांचा आधार देऊन ताठ माणसालाही आसनात नेता येतं, हे त्यांनी पुढे जगाला दाखवलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली आणि उड्डियान (पोट आत ओढणं), नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरणांनी व दाबमापनाने तपासलं. त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावशील तर लाव, पण ‘हे असं का होतं?’ हा त्यांचा प्रश्न मात्र रोज वर्गात घेऊन जा.

त्रिकोणासनच बघ. मध्यम उंचीच्या माणसाने दोन पावलांत तीन ते साडेतीन फूट अंतर ठेवावं. उजवं पाऊल ९० अंशांत बाहेर, डावं किंचित आत, आणि उजवी टाच डाव्या पावलाच्या कमानीच्या रेषेत. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं. बिघडतं ते हात जमिनीला टेकवण्याच्या हट्टापायी. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की कंबर अडते, मग छाती जमिनीकडे वळते आणि नितंब मागे जातो. अशा वेळी ‘छाती उघडा’ असं कितीही ओरडलं तरी उपयोग नाही. हात नडगीवर, विटेवर, नाहीतर सरळ खुर्चीवर ठेवायला सांग. छाती आपोआप वळेल. मग गुडघा बघ. वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला हवी. ती आत वळली असेल तर गुडघ्याला पीळ बसतोय. काहींचा गुडघा उलटा मागे जातो. त्यांना अंगठ्याखालचा तळवा दाबून गुडघा जरासा सैल सोडायला सांग. एवढ्या एका आसनावर महिनाभर नजर तयार केलीस तरी पुढची उभी आसनं निम्मी सोपी होतील.

पाय पसरून बसून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनातही मूळ दुखणं तेच: ओटीपोटाचं हाड मागे कलतं, पाठीची कमान होते आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. बैठकीखाली घडी घातलेली दोन ब्लँकेटं दे, गुडघे थोडे वाकवू दे. कपाळ गुडघ्याला लागलं नाही तरी चालेल.

शीर्षासन नवख्या वर्गात नकोच. सर्वांगासन घेशील तेव्हा खांद्यांखाली ब्लँकेटं आणि डोकं जमिनीवर हवं, म्हणजे भार मानेवर न येता खांद्यांवर येतो. वर गेल्यावर मान वळवायची नाही, हे आधीच बजाव. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असेल त्यांना ते देऊ नकोस. म्हणूनच पहिल्या दिवशी प्रत्येकाला आजार, शस्त्रक्रिया, गर्भारपण याबद्दल एकेकट्याने विचार. चारचौघांत लोक खरं सांगत नाहीत.

६० मिनिटांच्या तासात शेवटची १० मिनिटं शवासनाची, ती आधी बाजूला काढ आणि मग उरलेल्या वेळाची आखणी कर. नव्या शिक्षकांची आसनं लांबतात आणि शवासन दोन मिनिटांत गुंडाळलं जातं. हे मला फार खुपतं. ज्यासाठी सगळी मेहनत केली तेच आपण काढून घेतो.

प्राणायामात सुरुवातीला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, अजिबात नको. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, एवढं पुरे. कपालभातीत झटका फक्त उच्छ्वासाला. श्वास आपोआप आत येतो. लोक तो जोराने ओढतात, खांदे उडतात आणि चक्कर येते. २० झटक्यांची तीन आवर्तनं, मध्ये विश्रांती. गर्भवती, हर्निया, उच्च रक्तदाब किंवा पोटाची अलीकडे शस्त्रक्रिया झालेले यांना वगळ.

वर्गाकडे तोंड करून उभं राहशील तेव्हा ‘उजवा हात’ म्हणताना स्वतःचा डावा उचल. एका श्वासाला एकच सूचना दे. हात लावून दुरुस्ती करण्याआधी दर वेळी विचार, आणि कोणी नको म्हटलं तर कारण विचारू नकोस. ‘योगाने मधुमेह बरा होतो’ असलं काही कुणाला सांगू नकोस. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही, एवढंच सांग.

आता पहिल्या चार तासांचा आराखडा लिहून पाठव. प्रत्येक आसनापुढे एक रकाना ठेव: ज्याला हे जमणार नाही, त्याला काय द्यायचं?